सदतीस क्रमांकाचा सेफ्टी शूज

२०२३च्या फेब्रुवारीत, चाकणच्या औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात, महिला कामगारांच्या कपडे बदलण्याच्या खोलीत मी दोन दिवस फरशीवर बसून पावले मोजली. मी उन्नावहून, म्हणजे कानपूरच्या गंगापलीकडच्या भागातून आले होते. तिथल्या एका पादत्राणांच्या कारखान्यात नवीन उत्पादने विकसित करण्याचे काम मी करते. आमच्या पुण्याच्या वितरकाने कळवले होते की या कारखान्यातल्या बायका दिलेले सेफ्टी शूज, म्हणजे बोटांच्या रक्षणासाठी टोकात पोलादी टोपी बसवलेले बूट, घालायला कुरकुर करतात, काहीजणी कामाची पाळी सुरू झाल्यावर ते काढून चपला घालतात आणि त्यावरून पर्यवेक्षकांशी रोज खटके उडतात. त्याला आमच्याकडून फक्त जरा मऊ बूट हवा होता. मी वरिष्ठांकडे आग्रह धरला की आधी पावले पाहू द्या, मऊपणाचे नंतर बोलू.

मोजणी मुद्दाम पाळी संपताना ठेवली होती, कारण दिवसभर उभे राहिल्यावर पाऊल सुजते आणि सकाळच्या मापावर बेतलेला बूट दुपारनंतर आवळू लागतो. प्रत्येकीला कागदावर उभे करून, पेन्सिल अगदी सरळ धरून दोन्ही पावलांची बाह्यरेषा काढायची, मग पंजाचा घेर, पावलाच्या पाठीचा घेर, टाचेची रुंदी आणि बोटांची उंची घ्यायची, असा क्रम होता. दोन दिवसांत बेचाळीस जणींची मापे झाली. बहुतेकींना पुरुषांचा ५ क्रमांकाचा बूट दिलेला होता, जो युरोपी मापात सुमारे ३८ होतो; प्रत्यक्षात त्यांची पावले ३५ ते ३७ क्रमांकात बसणारी होती. पुढच्या मोकळ्या जागेत कोणी कापूस कोंबला होता, तर कोणी दोन-दोन मोजे चढवले होते. लांबीतला हा फरक मला अपेक्षित होता. ज्याची मी नीट कल्पना केली नव्हती ती गोष्ट अशी की यांचे पंजे चांगले रुंद होते आणि टाचा मात्र अरुंद होत्या, त्यामुळे पुरुषांचा बूट लांबीला छाटून लहान केला असता तरी तो यांना बसला नसता.

दुसऱ्या दिवशी एका वयस्कर बाईंनी मोजा काढला आणि त्यांच्या अंगठ्याशेजारच्या बोटावर मला काळपट वळ दिसला. त्या बोटात जोडवी होती. "पोलादी टोपीच्या आत ती शेजारच्या बोटांना रुततात, मॅडम," त्या म्हणाल्या, "आणि काढून ठेवायची म्हटलं तर घरी सासूबाईंना काय सांगू?" मग आजूबाजूच्या पाच-सहा जणींनीही आपापली बोटे पुढे केली. काहीजणी पाळीपुरती जोडवी काढून डब्याच्या पिशवीत ठेवत होत्या आणि घरी जाताना बसमध्ये पुन्हा घालत होत्या. सेफ्टी शूजचे मानक मी अनेकदा वाचले आहे, पण टोपीच्या आतल्या बोटात दागिना असेल हा विचार त्या मानकात नाही, आणि कबूल केले पाहिजे की तोपर्यंत माझ्याही मनात नव्हता. खरे तर जोडव्यांसारखे दागिने आमच्या शिवण विभागातल्या बायकाही घालतात. त्या दिवसभर अशाच बुटांचे अपर, म्हणजे तळावरचा चामड्याचा भाग, शिवतात, पण तो बूट स्वतः कधी घालत नाहीत.

उन्नावला परतल्यावर मी एक पानाचा आराखडा लिहिला: महिलांसाठी स्वतंत्र फर्मा, ३५ ते ४० असे सहा क्रमांक, पोलादी टोपी, दुहेरी घनतेच्या पॉलियुरेथेनचा तळ. फर्मा म्हणजे ज्याच्यावर बूट ओढून बसवतात तो पावलाच्या आकाराचा ठोकळा. बुटाचे चामडे, शिवण आणि रंग बदलणे स्वस्त असते, फर्मा बदलणे महाग असते, कारण आमच्या पद्धतीत तळ थेट अपरवर इंजेक्शनने ओततात आणि त्यासाठी प्रत्येक क्रमांकाच्या डाव्या-उजव्या पायाला ॲल्युमिनियमचा वेगळा साचा आणि साच्यात बसणारा ॲल्युमिनियमचा फर्माही लागतो. सहा क्रमांक म्हणजे बारा साचे. बैठकीत पहिला प्रश्न हाच आला की पुरुषांच्या फर्म्याचेच प्रमाण कमी करून का भागवत नाही. मी बेचाळीस जणींचे कागद टेबलावर मांडले. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने डिसेंबर २०२१ ते मार्च २०२२ या काळात देशभरातल्या एक लाखाहून अधिक लोकांची पावले मोजली होती आणि भारतीय पाऊल पंजात अधिक रुंद असते हे त्यातून पुढे आले होते. तो संदर्भही मी दिला. माझे स्वतःचे शिक्षण चेन्नईच्याच गिंडीतल्या केंद्रीय पादत्राण प्रशिक्षण संस्थेत झालेले असल्याने त्या कामाकडे माझे लक्ष होते. तरीही बैठकीत कागदांचा जितका उपयोग झाला त्याहून अधिक त्या काळ्या वळाच्या छायाचित्राचा झाला. फक्त एका क्रमांकाचा, ३७चा, साचा आधी करून पाहण्याची परवानगी मिळाली.

नमुना नेहमी एकाच क्रमांकात करतात, आणि महिलांच्या बुटांसाठी आमच्याकडे तो ३७ असतो. माझे स्वतःचे पाऊलही ३७चे असल्याने पुढचे कित्येक महिने प्रत्येक नमुना आधी माझ्या पायात गेला. फर्म्याचे काम आमच्या पॅटर्न विभागाच्या मास्टरजींनी हाती घेतले. ते जाजमऊला, कानपूरच्या चामड्याच्या कारखान्यांच्या भागात, लहानाचे मोठे झालेले, चाळिसाहून अधिक वर्षे या धंद्यात असलेले गृहस्थ आहेत. संगणकावर फर्म्याचा आकार बदलता येतो आणि आम्ही तो शेवटी तसाच पक्का केला, पण पहिल्या फेऱ्या हातानेच झाल्या. जिथे उंची वाढवायची तिथे चामड्याची पातळ चकती चिकटवायची आणि जिथे कमी करायची तिथे कानस फिरवायची. सेफ्टी शूजच्या फर्म्यात एक अडचण असते, की पुढचा भाग आपल्या मनासारखा घडवता येत नाही. टोपी पुरवठादाराकडून तयार येते आणि फर्म्याचे टोक त्या टोपीच्या पोटात अस्तरासह बसेल असेच करावे लागते.

फर्मा हाती आला की त्यावर कागदी चिकटपट्टी एकसारखी लावतात, त्यावर बुटाच्या रेषा काढतात, मग ती पट्टी कापून सोलून सपाट करतात. गोलाकार वस्तूची साल सपाट करताना कुठे सुरकुती पडते, कुठे फट पडते, आणि ती कुठे दडपायची व कुठे उघडी ठेवायची हा निर्णय मास्टरजींचा असतो. चांगल्या आणि सुमार पॅटर्नमधला फरक मला तरी तिथेच दिसतो. चामडे आम्ही कानपुरातल्या चर्मालयातून म्हशीचे घेतले, सुमारे २ मिलिमीटर जाडीचे, वर दाणेदार छाप असलेले. कातड्याच्या पाठीचा भाग घट्ट असतो आणि कमी ताणतो, पोटाचा भाग सैल असतो. म्हणून पंजावरचा तुकडा पाठीतूनच कापायचा आणि जीभ, गळपट्टी (घोट्याभोवतीची कड) यांसारखे भाग पोटाकडून काढायचे हे ठरलेले असते. मात्र तुकडा कोणत्या दिशेने ठेवला हे जर कापणाऱ्याने पाहिले नाही, तर एकाच जोडीतला डावा बूट महिन्याभरात सैलावतो आणि उजवा तसाच राहतो. पहिल्या तीन जोड्यांचे कापकाम म्हणून मी शेजारी उभी राहून करून घेतले.

त्या पहिल्या नमुन्यात मी एक मोठी चूक केली. जोडवी रुततात म्हणून मी टोपीखाली ३ मिलिमीटर जाडीचे मऊ फोमचे अस्तर घालायला लावले. हाताला ते छान वाटत होते. मग तो बूट आम्ही आघाताच्या चाचणीला लावला. या चाचणीत २० किलोचे वजन साधारण एक मीटर उंचीवरून टोपीवर पडते, म्हणजे २०० ज्यूलचा आघात होतो. टोपीच्या आत चाचणीच्या मातीचा छोटा दंडगोल ठेवलेला असतो आणि आघातानंतर तो किती उंचीचा उरला हे मोजतात. आतल्या बोटांना तेवढीच जागा उरली असती असा त्याचा अर्थ. ३७ आणि ३८ क्रमांकांना ही उंची किमान १३ मिलिमीटर लागते. आमचा दंडगोल त्याखाली दबला. बोटांसाठीची जागा मी माझ्याच हाताने फोमला देऊन टाकली होती. शिवाय त्या आधी तासभर घालून फिरताना मला स्वतःला जाणवले होते की फोमने आराम पडत नाही, उलट बोटे अधिकच दाटीत येतात.

फोम काढला, तरी मूळ दुखणे होते तिथेच राहिले. त्यावर उत्तर मास्टरजींनी काढले, आणि तेही सुरीने. नमुन्याच्या टाचेला मागून आणि दोन्ही बाजूंनी त्यांनी चौकोनी खिडक्या कापल्या आणि मला चालायला सांगितले. ते माझ्यामागे वाकून चालत होते. मग शिवण विभागातल्या दोन बायकांनाही त्यांनी तोच बूट घालून जिन्यावरून खाली उतरायला लावले. खिडकीतून स्पष्ट दिसत होते की प्रत्येक पावलाला टाच वर उचलली जाते आणि उतरताना अख्खे पाऊल पुढे घसरते. "बिटिया, दर्द उंगली में है, बीमारी एड़ी में," ते म्हणाले. पुढे टोपी हलत नाही, मागून पाऊल ढकलले जाते आणि मधल्या मध्ये बोटे चेपतात. त्यात बोटात धातूचे वळे असेल तर ते शेजारच्या बोटात रुतणारच. टोपीत कितीही मऊ घातले तरी हे थांबणार नव्हते.

त्यामुळे आम्ही पुढचा भाग सोडून मागच्याकडे वळलो. फर्म्याची टाच दोन्ही बाजूंनी कानसून अरुंद केली, मागची वक्ररेषा थोडी आत घेतली आणि पावलाच्या पाठीवरची उंची उतरवली, जेणेकरून नाडी बांधल्यावर अपर पावलाच्या पाठीला धरून त्याला मागे राखेल. पुष्कळांना वाटते की नाडी बूट पायातून निसटू नये म्हणून असते. तिचे मोठे काम पावलाला पुढे घसरू न देणे हे आहे, आणि पाठीची उंची जास्त असेल तर नाडीच्या भोकांच्या दोन्ही बाजूंच्या पट्ट्या एकमेकींना भिडतात व नाडी कितीही ओढली तरी पाऊल धरले जात नाही. पुरुषांच्या बुटात चाकणच्या बायकांचे नेमके हेच होत होते. त्यानंतर टोपी आम्ही अधिक गोल टोकाची निवडली, अस्तर पातळ आणि टोपीखाली शिवणच येणार नाही असे ठेवले, आणि टोपीच्या मागच्या कडेला रबराची पट्टी लावली. चौथ्या नमुन्यात खिडकीतून पाहिले तेव्हा टाच जवळजवळ हलत नव्हती, आणि आघाताच्या चाचणीतही तो नमुना उत्तीर्ण झाला.

साचा येईपर्यंत जुलै उजाडला. दुहेरी घनतेच्या तळात खालचा थर घट्ट व झिजेला टिकणारा असतो, आणि मधला थर हलका, पावलाला उसळी देणारा असतो. यंत्रात आधी खालचा थर ओततात, मग अपर चढवलेला धातूचा फर्मा खाली येतो आणि दोहोंमधल्या पोकळीत मधला थर फुगून अपरला चिकटतो. अपरचा खालचा काठ आधी घासून खरबरीत केलेला असावा लागतो. पहिल्या चाळीस जोड्या काढल्या, तेव्हा वरून सर्व ठीक दिसत होते. मी सवयीप्रमाणे त्यातले दोन बूट मधोमध आडवे कापले, तर अपरलगतच्या थरात वाटाण्याएवढे फुगे होते. तळ ओढून पाहण्याच्या चाचणीत, जिथे दर मिलिमीटरला किमान ४ न्यूटन बळ टिकायला हवे, तिथे तो फुग्यांच्या रेषेतून सुटून आला. सुरुवातीला सगळ्यांनी नव्या साच्यावर ठपका ठेवला. दोष हवेतला होता. पावसाळ्यात कानपुरातले चामडे ओलावा धरते, पॉलियुरेथेनमधले आयसोसायनेट हे रसायन पाण्याशी संयोग पावले की कार्बन डायऑक्साइड सुटतो, आणि त्याचेच हे फुगे होते. जुन्या बुटांच्या बाबतीत अपर यंत्राजवळच्या गरम बोळातून जात असत. आमचा नमुना मात्र विकास विभागातून थेट यंत्रावर गेला होता, कारण तो लवकर व्हावा अशी घाई सर्वांनाच झाली होती. अपर तासभर गरम हवेत ठेवून पुन्हा जोड्या काढल्या तेव्हा कापलेला तळ घट्ट व एकसारखा निघाला. तेव्हापासून आमच्या प्रक्रियापत्रकात नमुन्यांनाही अपर सुकवण्याची पायरी लेखी घातलेली आहे.

सप्टेंबरात त्यांतल्या बारा जोड्या घेऊन मी पुन्हा चाकणला गेले. ३७ क्रमांकाच्या पायाच्या बारा जणी निवडल्या आणि सहा आठवडे रोज पूर्ण पाळी हेच बूट घालायचे ठरले. दर शनिवारी मी फोन करीत असे आणि तेच प्रश्न विचारीत असे: कुठे लागते, किती वाजता लागते, घरी गेल्यावर पाय कसे वाटतात. "बरे आहेत" हे उत्तर मी लिहून घेत नसे, कारण फुकट मिळालेल्या वस्तूला आपल्याकडे कोणी तोंडावर नावे ठेवत नाही. दुसऱ्या आठवड्यात एकीने सांगितले की उकिडवे बसून खालचे बोल्ट आवळताना गळपट्टी घोट्याला टोचते. चालून पाहताना हे आमच्यापैकी कोणाच्याच लक्षात आले नव्हते, कारण आमच्या चाचणीत कोणी उकिडवे बसलेच नव्हते. गळपट्टीची बाहेरची बाजू आम्ही ५ मिलिमीटरने खाली घेतली. ज्या बाईंनी मला फेब्रुवारीत बोट दाखवले होते त्या या बारा जणींत होत्या. सहा आठवड्यांनंतर त्यांनी मोजा काढला तेव्हा जोडवी बोटात होती आणि वळ फिका पडला होता. तो पूर्णपणे गेला नव्हता, आणि माझ्या अहवालात मी तसेच लिहिले.

यानंतर उरलेल्या पाच क्रमांकांचे साचे मंजूर झाले. बाहेरच्याला वाटते की एक क्रमांक बरोबर झाला की बाकीचे आपोआप होतात, आणि लांबीच्या बाबतीत ते खरे आहे, कारण युरोपी मापात दर क्रमांकाला फर्मा दोन-तृतीयांश सेंटिमीटरने वाढतो किंवा घटतो आणि घेर त्या प्रमाणात बदलतो. टोपी मात्र दर क्रमांकाला वेगळी बनत नाही. आमच्या पुरवठादाराची सर्वांत लहान टोपी ३५ आणि ३६ या दोन्हींसाठी एकच होती. ३६मध्ये ती ठीक बसली. ३५चा बूट घालून बाई खाली वाकली की टोपीची मागची कड नेमकी बोटांच्या सांध्यावर येत होती. पाऊल जिथे वाकते ती रेषा लहान पावलात पुढे सरकते आणि टोपी मात्र तेवढीच लांब राहते. रबराची पट्टी तिथे पुरेशी नव्हती. मानकाप्रमाणे ३६ व त्याखालच्या क्रमांकांना टोपीची आतली लांबी किमान ३४ मिलिमीटर हवी, आणि आमची टोपी त्याहून बरीच लांब होती. त्या किमान मापाच्या जवळची टोपी बनवणारा दुसरा पुरवठादार शोधण्यात, तिच्यासाठी ३५च्या फर्म्याचे टोक पुन्हा घडवण्यात आणि आघाताच्या व १५ किलोन्यूटन दाबाच्या चाचण्या पुन्हा करण्यात दीड महिना गेला. विक्री विभागाने ३५ क्रमांक तूर्त वगळून बाकीचे बाजारात आणण्याचा आग्रह धरला होता. मी तो मान्य केला नाही, कारण फेब्रुवारीच्या कागदांत ३५ची पावले तेरा होती, आणि तो क्रमांक नसता तर त्या तेरा जणींना पुन्हा मोठा बूट घालून कापूस कोंबावा लागला असता.

किमतीच्या वाटाघाटींबद्दल थोडक्यात सांगते. पोलादाऐवजी हलक्या संमिश्र पदार्थाची टोपी मला हवी होती, ती महागात पडत असल्याने मिळाली नाही. जिभेचे दोन तुकडे करून चामड्याची नासाडी कमी केली, त्या बदल्यात आतल्या अस्तराचा दर्जा मी राखू शकले. भारतीय मानक ब्यूरोच्या परवान्यात हा प्रकार समाविष्ट करून घेण्याचे काम आमच्या गुणवत्ता विभागाने पार पाडले. डिसेंबरात उत्पादनाच्या ओळीवर दोनशे जोड्यांची चाचणी झाली, तेव्हा अरुंद टाचेमुळे मागचा भाग फर्म्यावर ओढणाऱ्या यंत्राची पकड बदलावी लागली.

जानेवारी २०२४मध्ये चाकणहून पहिली मागणी आली. मागणीपत्रातले आकडे मी सर्वांत आधी क्रमांकांच्या रकान्यात पाहिले. आम्ही सर्वाधिक जोड्या ३७च्या धरल्या होत्या, प्रत्यक्षात ३६च्या अधिक होत्या, त्याखालोखाल ३५च्या, आणि ४०ची एकही नव्हती. पत्राखाली भांडारपालांनी हाताने लिहिले होते की तिघींना ३५ही मोठा होतो, ३४ मिळेल काय. ३४च्या पावलाला ३४ मिलिमीटरची टोपी बसवायची तर ती वाकण्याच्या रेषेला टेकते. तिघींपैकी दोघींच्या पावलांच्या बाह्यरेषा माझ्याकडे फेब्रुवारीच्या कागदांत आहेत, तिसरीची मी मागवून घेतली आहे. मास्टरजींनी ३५च्या फर्म्याची एक प्रत मागे लहान करायला घेतली आहे. तिच्या टाचेवर कानस फिरवून झाली आहे, पुढचे टोक अजून चामड्याच्या चकत्यांनी भरलेले आहे.